अंगणातील जास्वंद आणि कुंपणाबाहेरील सदाफुली

माणसांच्या स्थलांतराचा इतिहास जहाजांची नावे, करारपत्रे आणि बंदरावरील नोंदवह्या यांच्या आधारे लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु माणसांबरोबर, कधी त्यांच्या आधी तर कधी त्यांच्या मागून, झाडेही प्रवास करीत असतात. त्यांच्या करारावर कोणी अंगठा घेतलेला नसतो. तरीही कोणत्या देशाचे कोणत्या देशाशी दळणवळण झाले याची साक्ष ती पिढ्यान् पिढ्या देत राहतात. मॉरिशसमधील आपल्या घरांपुढे अशा दोन साक्षीदार उभ्या आहेत. एक जास्वंद, दुसरी सदाफुली. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही जवळजवळ बारमास फुलणाऱ्या आणि, साधी एकेरी फुले घेतली तर, दोहोंच्या पाकळ्या पाच. साम्य बहुतेक येथेच संपते. एकीला आपण देवघरापर्यंत नेले, दुसरीला कुंपणापाशी ठेवले. एकीला भारतातून आलेली म्हणून आपली मानले. दुसरी कोठून आली हे सहसा कोणी विचारलेही नाही. या दोघींची कुळकथा पाहिली म्हणजे ‘आपले’ आणि ‘परके’ हे शब्द आपण किती सहज वापरतो, हे ध्यानात येते.

प्रथम जास्वंद घेऊ. संस्कृतात तिला जपा अथवा जवा असे नाव आहे. ‘मेघदूता’त कालिदासाने सायंकाळच्या तेजाला ताज्या जपापुष्पाची लाली दिली आहे. आपल्या वाडवडिलांनी मुखोद्गत केलेल्या नवग्रहस्तोत्राचा आरंभही सूर्याला दिलेल्या याच फुलाच्या उपमेने होतो. गणपतीला लाल जास्वंद आणि बंगाल प्रांती कालीमातेला जवाफूल, ही प्रथाही जुनी आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर डचांचा अंमल असताना हेंड्रिक व्हान ऱ्हीड या अधिकाऱ्याने मलबारातील वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. जास्वंद त्यात तिच्या मलयाळी नावाने चित्रासह आली आहे. याच ग्रंथाच्या कामी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले, आणि त्यांचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात छापले गेले. कोकण किनाऱ्याशी नाते सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा तपशील सुखावणारा आहे.

पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने या झाडाला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा होतो. आपल्या बेटावरील फ्रेंच भाषिकही तिला ‘रोझ द शीन’ म्हणतात. मग जास्वंद चीनची की भारताची? वनस्पतिशास्त्रज्ञांचा निर्णय विचार करावयास लावणारा आहे. ही जास्वंद खात्रीने रानटी म्हणावी अशा स्थितीत कोठेही सापडलेली नाही. आशिया आणि पॅसिफिकमधील बेटे यांच्या दरम्यान, माणसाने जवळजवळ लावलेल्या निरनिराळ्या जातींच्या संकरातून ती निपजली असावी, असे मानले जाते. अर्थात ज्या फुलाला आपण अस्सल देशी समजून देवाच्या मस्तकी वाहतो, त्याला दाखविण्यासारखे मूळ रान नाही. जेथे माणसाची वस्ती, तेथेच तिचे गाव.

सदाफुलीची कथा नेमकी याच्या उलट आहे. तिचे जन्मस्थान पक्के ठाऊक आहे, आणि ते आपल्यापासून फार दूर नाही. आपल्या बेटाच्या पश्चिमेस आठशे-नऊशे किलोमीटरांवर असलेले मादागास्कर हे तिचे माहेर. तेथील फोर दोफँ या फ्रेंच ठाण्याचा अधिकारी एतिएन द फ्लाकूर याने १६५८ साली मादागास्करवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या झाडाचा उल्लेख आढळतो. पुढे तिचे बी फ्रान्समधील राजोद्यानात गेले आणि तेथून लंडनच्या चेल्सी येथील औषधी उद्यानात फिलिप मिलर याच्या हाती आले. मिलरने १७५७ साली तिचे सचित्र वर्णन केले व लिनियसने १७५९ साली तिला शास्त्रीय नाव दिले. विशेष म्हणजे याच मिलरने त्याच उद्यानात १७३१ साली जास्वंदही वाढविली होती. आपल्या अंगणात शेजारी नांदणाऱ्या या दोघी त्याआधीच थंड प्रदेशातील एका काचगृहाच्या आश्रयाला एकत्र आल्या होत्या.

सदाफुली भारतात समुद्रमार्गे आली. जुन्या संस्कृत काव्यात जास्वंद जशी जागोजागी भेटते तशी ती भेटत नाही, कारण त्या कवींनी ती पाहिलेलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याच्या नोंदींत ती आहे. तेथून पुढे ती गावोगाव पसरली. मराठीने तिला सदाफुली म्हटले, बंगालीने नयनतारा, हिंदीने सदाबहार, तर तमिळने नित्यकल्याणी. परक्या वस्तूचे नाव आपण बहुधा परकेच ठेवतो. जिला प्रत्येक भाषेने स्वतःचे, तेही मंगल नाव दिले, तिला परकी कोण म्हणेल? कोकणातील कोणत्याही वाडीत विचारून पाहावे. सदाफुली आफ्रिकेच्या किनाऱ्याकडची आहे हे ऐकून लोक नवल करतील.

आता या दोघींना आपल्या बेटावर आणू. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज छत्तीस भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले आणि करारबद्ध मजुरीच्या पर्वाचा आरंभ झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, येथील गुलामगिरी कायद्याने संपली. पुढील काळात सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये वेतन, हे त्या काळचे ठरलेले माप. मुंबई बंदरातून आलेल्या जहाजांत रत्नागिरीकडचे आणि देशावरचे आपले मराठी पूर्वज होते.

घरापासून हजारो मैलांवर आलेल्या त्या माणसांना उसाच्या मळ्यांकडे जाताना वाटेत लाल जास्वंद दिसली असेल, तर तिला पाहून त्यांना काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. कारण जास्वंद त्यांच्या आधीच येथे पोहोचलेली होती. बेल ऑम्ब्र येथील मळ्याचा एक मालक आणि वनस्पतींचा जाणकार चार्ल्स टेलफेअर याने १८२० च्या सुमारासच बागेतील जास्वंदीचा मॅस्करीन बेटांवरील स्थानिक जास्वंदीशी संकर करण्याचे प्रयोग केले होते. आज जगभर ज्या रंगीबेरंगी संकरित जास्वंदी दिसतात, त्यांच्या ज्ञात परंपरेचा आरंभ बहुधा त्या प्रयोगांपाशीच सांगितला जातो. परंतु इतिहास सांगताना अर्धी बाजू दडवू नये. टेलफेअरच्या मळ्यावर गुलाम राबत होते, आणि १८३० साली त्याने आपल्या गुलामांच्या स्थितीविषयी समर्थनपर पुस्तकही लिहिले. फुलांचे नवे रंग शोधण्यास लागणारी फुरसत कोणाच्या श्रमातून निघत होती, हे विसरून त्या फुलांचे कौतुक करता येत नाही.

त्या गुलामांपैकी फार मोठा भाग मादागास्कर आणि मोझांबिक येथून आणलेला होता. म्हणजे ज्या भूमीची सदाफुली, त्याच भूमीची ती माणसे. आपल्या पूर्वजांपैकी कोणी कुंपणापाशी सदाफुली पाहून ‘ही तर आपल्या गावची’ असे म्हटले असेल, तर शेजारच्या मालागासी वृद्धेनेही तेच म्हटले असेल, आणि जन्मस्थान पाहता तिचे म्हणणेच अधिक खरे ठरले असते. एकाच फुलाला दोन दूरच्या देशांतील माणसे आपल्या गावचे म्हणत होती. त्यांना एकमेकांची भाषा समजत नव्हती. पुढे त्यांच्या नातवंडांनी एकच क्रिओल भाषा बोलावयास आरंभ केला.

एक बदल मात्र आपल्या पूर्वजांना फार जाणवला असेल. कोकणात भाद्रपद म्हणजे पावसाचा महिना. अंगणात चिखल, डोंगरावर हिरवळ, गणपतीसाठी दूर्वा हव्या तितक्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेस तोच भाद्रपद हिवाळा सरत असताना येतो. पंचांग तेच राहिले, ऋतू उलटे झाले. जे सण ऋतूवर बेतलेले त्यांना या भूमीत स्वतःला जुळवून घ्यावे लागले. जास्वंदीचे मात्र काही अडले नाही. जेथे कडाक्याची थंडी नाही तेथे ती सर्व ऋतूंत फूल देते, आणि म्हणून येथेही चतुर्थीच्या सकाळी गणपतीचे आवडते फूल हाताशी राहिले. आज गणेशचतुर्थी या देशात सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. त्या मानाच्या मागे अनेक पिढ्यांची निष्ठा आहे, आणि तिच्या सोबतीला हे फूल आहे.

येथे एक व्यावहारिक तुलना केली पाहिजे, कारण या दोघींच्या स्वभावातच आपल्या विषयाचे मर्म आहे.

जास्वंद हे पुरुषभर, किंबहुना त्याहूनही उंच वाढणारे झुडूप आहे. तिला ऊन हवे, पाणी हवे, खत हवे. पानांमागे पिठ्या ढेकूण बसला तर तो धुऊन काढावा लागतो. तिचे एकेक फूल बहुधा एका दिवसाचे धनी; सकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी गळून पडते. मुख्य म्हणजे आपल्या बागांतील जास्वंद बहुधा बी धरीत नाही. तिचा वंश वाढवावयाचा तर माणसाने वीतभर लांबीची, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी तिरकी कापावी, खालची पाने काढावीत, ओल्या मातीत खोचावी आणि मुळे धरेपर्यंत सावलीत जपावी. शेजारणीने शेजारणीला, सासूने सुनेला, आईने सासरी जाणाऱ्या मुलीला फांदी दिली म्हणून जास्वंद जगात सर्वत्र पोहोचली. एका पिढीने फांदी लावली नाही, तर त्या घरची जास्वंद त्या पिढीबरोबर संपते.

सदाफुली गुडघ्याएवढी, फार तर मांडीएवढी. तिला खारा वारा चालतो, रेताड जमीन चालते, भिंतीतील फटही चालते; चालत नाही ती फक्त साचलेल्या पाण्यात मुळे बुडणे. तिच्या पानांचा रस कडू व विषारी असल्यामुळे गुरे तिला तोंड लावीत नाहीत. फूल गळले की बारीक शेंगांची जोडी धरते, ती वाळून फुटते, काळे बी आपल्या आपण जमिनीवर सांडते, आणि पुढच्या पावसात झाडाभोवती रोपांचे रान उठते. तिला कोणी लावावे लागत नाही. तिला काढून टाकले तरी ती परत येते.

कुंपणाबाहेर ठेवलेल्या या सदाफुलीनेच पुढे जगावर मोठे उपकार केले. अनेक देशांत मधुमेहावरील घरगुती औषध म्हणून तिचा काढा घेतला जात असे. १९५२ साली जमैकाहून तिची थोडी पाने कॅनडात रॉबर्ट नोबल या शास्त्रज्ञाच्या हाती आली. रक्तातील साखरेवर त्यांचा विशेष परिणाम दिसला नाही. परंतु प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळल्या. ज्या रोगात याच पेशी बेसुमार वाढतात, त्यावर हे औषध ठरेल काय, असा प्रश्न उभा राहिला. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली पानांतून व्हिन्ब्लास्टीन हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. अमेरिकेतील संशोधकांनी व्हिन्क्रिस्टीन हे दुसरे द्रव्य मिळविले, आणि १९६३ साली ते औषध म्हणून मान्य झाले. मुलांच्या रक्ताचा कर्करोग त्या काळी जवळजवळ मृत्यूचा निरोपच समजला जाई. आज, जेथे चांगले उपचार मिळतात तेथे, त्याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारातून दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. या यशात इतर औषधांबरोबर व्हिन्क्रिस्टीनचा वाटा मोठा आहे. औषधाचा एक ग्रॅम मिळविण्यास शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, यावरून घरचा काढा आणि रुग्णालयातील औषध यांतील अंतर समजावे. सदाफुलीची पाने घरी कोणीही खाऊ नयेत, काढाही घेऊ नये. ती विषारी आहेत.

या औषधांनी पुढे मोठा व्यापार उभा राहिला. तथापि जिच्या मातीतून हे झाड निघाले त्या मादागास्करच्या पदरात त्या संपत्तीचा भाग फारच थोडा पडला. ज्यांच्या भूमीतून आणि ज्यांच्या श्रमातून धन निघते त्यांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न ऊस तोडणाऱ्यांच्या वंशजांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या दोघींच्या आप्तांकडे पाहिले म्हणजे कथा अधिकच गुंतते. सदाफुलीच्या कुलात आठ जाती आहेत. त्यांपैकी सात मादागास्करच्या. आठवी, बारीक पांढऱ्या फुलांची, भारत व श्रीलंका येथील. म्हणजे भारतात परकी ठरणाऱ्या सदाफुलीची एक सख्खी बहीण भारताच्याच मातीत जन्मलेली आहे. आणि जी जास्वंद येथे बाहेरून आली, तिची एक बहीण या बेटावर, जगात अन्यत्र कोठेही नाही अशी, जन्मलेली आहे. क्रिओल भाषेत तिला मांद्रिनेत म्हणतात. कोर द गार्द आणि ले मोर्न या दोन पर्वतांच्या कड्यांवर तिची मोजकीच झाडे उरली आहेत. ले मोर्न हा तोच पर्वत, ज्याच्या आश्रयाला मळ्यांतून पळालेले गुलाम लपत असत आणि ज्याला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. आपले पूर्वज ज्या धक्क्यावर उतरले त्या आप्रवासी घाटाला तो मान दोनच वर्षे आधी, २००६ साली मिळाला होता. या देशाचे राष्ट्रीय फूल, ‘बुक्ल दोरेय’, हेही ले मोर्नचेच आणि जास्वंदीच्याच विस्तृत घराण्यातील.

मांद्रिनेतला भय आहे ते रान व्यापणाऱ्या बाहेरच्या झाडांचे, आणि काही अंशी आपल्या लाडक्या जास्वंदीचेही. दोघींचा संकर होऊ शकतो. असे होत गेले तर मांद्रिनेतचा शुद्ध वंश हळूहळू पुसला जाईल. अंगणातील जास्वंदीला यात दोष नाही, परंतु तिला लावणाऱ्यांवर जबाबदारी आहे. या दोन पर्वतांच्या उतारालगत बागेतील जास्वंद लावू नये, आणि मांद्रिनेत जपणाऱ्यांना साहाय्य करावे, एवढे आपल्याला सहज करता येईल. जी भूमी आपल्याला आश्रय देते, तिच्या आधीच्या लेकींचा मान राखणे हेही कुळाचाराचेच अंग होय.

या सर्व वृत्तान्तावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एखादे झाड आपले की परके, हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरवू गेल्यास हाती काहीच लागत नाही. जास्वंदीला जन्मरान नाही, तरी ती देवाच्या मस्तकी आहे. सदाफुली मादागास्करची, तरी कोकणच्या अंगणात ती लेकीसारखी नांदते. ज्या समाजाचे आजोबा-पणजोबा जहाजातून उतरले आणि ज्याची मुले या बेटाशिवाय दुसरे घर जाणत नाहीत, त्या समाजाला ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ असे कोणी विचारले तर त्याने संकोचण्याचे कारण नाही. आपलेपण ठरते ते जोपासण्याने.

मात्र जोपासण्याची आवश्यकता सर्वच वारशाला सारखी नसते. आपल्या वारशातही काही सदाफुल्या आहेत आणि काही जास्वंदी. सणाचे गोडधोड, मोदक-पुरणपोळीची चव, ढोलकीचा ताल, लग्नातील हळद, या गोष्टी सदाफुलीसारख्या आहेत. कोणी मुद्दाम शिकविले नाही तरी त्या पुढच्या पिढीत आपल्या आपण उगवतात. आता आता त्यांना क्रिओल नावेही मिळू लागली आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. मराठी भाषा मात्र जास्वंदीच्या जातीची. ती आपण होऊन उगवत नाही. आपल्या बहुतेक घरांत आज क्रिओल बोलली जाते. मराठी उरली आहे ती पूर्वी बैठकांतून रात्री कंदिलाच्या उजेडात मुलांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्यांमुळे, पुढे प्राथमिक शाळांतून व १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेतून ती शिकविणाऱ्यांमुळे, आणि नातवाशी हट्टाने मराठीत बोलणाऱ्या आजीमुळे. यांपैकी प्रत्येकाने एकेक फांदी कापून ओल्या मातीत खोचली. कित्येक सुकल्या असतील. ज्या जगल्या त्यांवर आज आपण फुले पाहतो.

जास्वंदीची फांदी लावण्यास उत्तम काळ म्हणजे हिवाळा सरून उन्हे वाढू लागतात तो, अर्थात गणेशचतुर्थीनंतरचे काही आठवडे. ज्यांच्या अंगणात झाड आहे त्यांनी या वर्षी विसर्जनानंतर एक फांदी कापून ज्यांच्या अंगणात झाड नाही त्यांना द्यावी, आणि देताना तिचे मराठी नाव सांगावे. सदाफुलीची काळजी करू नये. ती कुंपणापाशी आधीच उगवलेली असेल.